मुलांना रक्त चढवताना: नमुना घेण्यापासून घरी पाठवेपर्यंतचा क्रम

थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त लागतं. तेच मूल, तोच वॉर्ड, तेच कागद. काम अंगवळणी पडतं आणि नेमका तिथेच क्रम सैल पडतो. ट्यूबवर लेबल आधीच चिकटवलेलं असतं, बॅग नर्सिंग स्टेशनवरच तपासून होते, रक्त सुरू होताच सिस्टर पुढच्या खाटेकडे वळते. चुकीच्या गटाचं रक्त जाण्यासारखी भयंकर घटना घडते तेव्हा तिचं मूळ बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या तपासणीत नसतं. ते या अशा ओळखीच्या गफलतीत असतं.

हा लेख वॉर्डातल्या परिचारिकांसाठी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मुख्य उदाहरण थॅलेसेमियाचं घेतलं आहे. सिकल सेल, तीव्र रक्तक्षय, जी-सिक्स-पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता आणि हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) यांत जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे ते सांगितलं आहे. तुमच्या रुग्णालयाचे लेखी नियम आणि डॉक्टरांची ऑर्डर यांना नेहमीच अग्रक्रम द्या.

टप्पा १: ऑर्डर पूर्ण आहे का ते पाहा

मोठ्या माणसासाठी ‘एक बॅग पीसीव्ही (लाल पेशी) द्या’ एवढ्यावर भागत असेल, मुलासाठी ही ऑर्डर अपुरी आहे. केसपेपरवर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: कोणता घटक, किती मिलिलीटर, किती वेळात, आणि काही खास गरज आहे का. यातली एक जरी नसेल तरी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर मुलाला रक्त लावू नका.

वजन आजचं हवं. मागच्या वेळचं वजन उतरवून घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. वाढत्या वयात, किंवा आजारपणात वजन घटलं असेल तर, सगळं गणित त्यामुळे बिघडतं. चपला आणि जाड कपडे काढून वजन करा आणि त्यावर तारीख घाला.

लाल पेशींचं प्रमाण साधारणपणे दर किलोमागे १० ते १५ मिलिलीटर असतं. थॅलेसेमियात रक्त देण्यापूर्वीचं हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या आसपास राहावं असा प्रयत्न असतो. म्हणून ‘मूल खेळतंय, चांगलं दिसतंय, पुढच्या आठवड्यात या’ असं आपण परस्पर सांगायचं नाही. हिमोग्लोबिन फार खाली गेलं की शरीर अस्थिमज्जेत जास्तीच्या, पण निकामी पेशी तयार करत राहतं. त्यातून हाडं रुंदावतात आणि प्लीहा वाढते. तारीख पाळणं हा उपचाराचाच भाग आहे.

पालकांना आणि जुन्या कागदांना हे विचारा: आधी कधी रिअॅक्शन आली होती का? रक्तात अँटिबॉडी (परक्या लाल पेशींविरुद्धची प्रथिनं) सापडल्याचं कुणी सांगितलं होतं का? प्लीहा काढली आहे का? गेल्या दोन-तीन दिवसांत ताप? लोह कमी करणारं कोणतं औषध चालू आहे?

आजारानुसार ऑर्डर बदलते, आणि तो बदल रक्तपेढीला कळवणं आपल्या हातात असतं. मागणीपत्रावर निदान स्पष्ट लिहा. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांसाठी पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त आणि शक्य तिथे आर-एच गटातले इतर घटक व केल (लाल पेशींवरचा आणखी एक घटक) जुळवलेलं रक्त मागवलं जातं. सिकल सेलच्या मुलाला सिकल हिमोग्लोबिन नसलेलं रक्त लागतं, आणि त्याचं हिमोग्लोबिन एकदम फार वर न्यायचं नसतं. ते साधारण १० ते ११ ग्रॅमच्या पुढे गेलं की रक्त घट्ट होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका वाढतो. अंगदुखीचा साधा झटका आला एवढ्या कारणाने सिकल सेलमध्ये रक्त देत नाहीत. तिथे वेदनाशामक, पुरेसं पाणी आणि ऊब यांची शुश्रूषा आधी असते.

हिमोफिलियाच्या मुलाची गरज मुळातच वेगळी. त्याला बहुतेक वेळा लाल पेशींऐवजी कमी असलेला फॅक्टर (रक्त गोठवणारा घटक) द्यायचा असतो आणि रक्तस्राव झाल्यावर तो लवकरात लवकर द्यायचा असतो, तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंत थांबून नव्हे. या मुलाला स्नायूत इंजेक्शन देऊ नका. अॅस्पिरिन देऊ नका. सुई काढल्यावर निदान दहा मिनिटं दाब धरा.

> तपासा: आजचं वजन, घटक, मिलिलीटर, वेळ, खास गरज, संमतीपत्र. सहाही असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: क्रॉसमॅचचा नमुना

क्रॉसमॅच म्हणजे मुलाचं आणि दात्याचं रक्त जुळतं का याची प्रयोगशाळेतली चाचणी. या टप्प्यात घाई झाली तर पुढची कितीही काळजी कमी पडते.

1. ट्यूब कोरी घेऊन खाटेजवळ जा. आधी लेबल लावून ठेवलेल्या ट्यूबांचा ट्रे घेऊन फिरू नका.
2. ‘हा अमुक ना?’ असं विचारू नका. दमलेली आई ‘हो’ म्हणून जाते. ‘बाळाचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा,’ असं विचारा आणि तिला बोलू द्या.
3. तिने सांगितलेलं मनगटावरच्या पट्टीशी आणि केसपेपरशी ताडून पाहा. पट्टी नसेल तर आधी पट्टी बांधा, मग सुई.
4. नमुना घ्या, आणि खाटेजवळून हलण्यापूर्वी, तिथेच, स्वतःच्या हाताने लेबल लिहा: नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, सही.

थॅलेसेमिया आनुवंशिक आहे, त्यामुळे एकाच घरातली दोन भावंडं एकाच दिवशी, शेजारशेजारच्या खाटांवर असणं अजिबात दुर्मीळ नाही. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, पत्ता एक. कधी पहिलं नावही उच्चाराला जवळचं. अशा वेळी दोघांचे नमुने एका फेरीत घेऊ नका. एकाचं काम लेबल आणि सहीसकट संपवा, ट्यूब रवाना करा, हात धुवा, मग दुसऱ्याकडे वळा. दोघांचे गट वेगळे असतील तर केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

गेल्या तीन महिन्यांत रक्त मिळालेल्या मुलाचा क्रॉसमॅचचा नमुना साधारण ७२ तासच चालतो, कारण मधल्या काळात नव्या अँटिबॉडी तयार होऊ शकतात. ‘मागच्या आठवड्याचा नमुना आहे की’ हे उत्तर मान्य करू नका.

टप्पा ३: रक्त येण्याआधीची तयारी

बॅग आणायला माणूस पाठवायचा तो सगळी तयारी झाल्यावर. अनेक वॉर्डांत हे उलटं होतं: बॅग टेबलावर पडून राहते आणि आपण शीर शोधत बसतो.

शीर हे या मुलांचं आयुष्यभराचं भांडवल आहे. हाताच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करा, दर वेळी जागा बदला. सुन्न करणारं मलम उपलब्ध असेल तर ते सुई टोचण्याआधी पाऊण ते एक तास लावून झाकून ठेवावं लागतं. पाच मिनिटं आधी लावलेल्या मलमाचा उपयोग नाही. हात थंड असेल तर कोमट कापडाने शेकून घ्या. मुलांमध्ये बहुधा २२ किंवा २४ नंबरची कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) पुरते. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवा. याला मी फार महत्त्व देते, कारण या मुलाला पुढच्या महिन्यात पुन्हा याच दारातून आत यायचं आहे.

मुलाशी खरं बोला. ‘काही दुखणार नाही’ असं म्हणू नका. ‘एकदा टोचेल, तू दहा मोज, मग झालं’ हे त्याला पेलतं. कोणता हात हवा ते त्याला निवडू द्या. लहान बाळ आईच्या मांडीवर असेल तर शांत राहतं आणि नाडीची नोंदही खरी मिळते.

आता सुरुवातीच्या नोंदी: ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजनचं प्रमाण. अंगावर आधीपासून पुरळ असेल तर तेही लिहा, नाहीतर तासाभराने ते रिअॅक्शनचं की जुनं यावर वाद होतो. लघवीचा रंग विचारा. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या मुलाची लघवी आधीच चहासारखी गडद असू शकते. ही नोंद राहिली तर रक्त सुरू झाल्यावर सगळ्यांची धावपळ होते. ताप असेल तर डॉक्टरांना कळवल्याशिवाय बॅग मागवू नका. प्लीहा काढलेल्या मुलाचा ताप ही तर स्वतःच तातडीची बाब आहे.

साहित्य: १७० ते २०० मायक्रॉनची गाळणी असलेला रक्ताचा सेट, नॉर्मल सलाईनची बाटली आणि तिच्यासाठी वेगळा नवा सेट, ऑक्सिजन, सक्शन, आणि जीवघेण्या अॅलर्जीसाठी अॅड्रिनॅलिन. अॅड्रिनॅलिनचा डोस मुलाच्या वजनानुसार आधीच काढून कागदावर लिहून ठेवा: दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० तीव्रतेचं ०.२ मिलिलीटर. संकटाच्या क्षणी दशांश चिन्ह चुकतं, म्हणून हे गणित शांतपणी करून ठेवायचं.

> तपासा: कॅन्युला चालू आहे, नोंदी झाल्या आहेत, सेट आणि सलाईन खाटेजवळ आहे. आता बॅग मागवा.

टप्पा ४: बॅग आल्यावर

घड्याळ इथून सुरू होतं. रक्तपेढीतून बाहेर आलेली बॅग साधारण ३० मिनिटांत लावायची, आणि बाहेर काढल्यापासून ४ तासांच्या आत संपवायची. लावणं शक्य नसेल तर लगेच परत पाठवा. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, त्याचं तापमान रक्तासाठी सांभाळलेलं नसतं.

आधी बॅग नुसती पाहा. गुठळ्या आहेत का, गळती आहे का, रंग काळपट-जांभळा आहे का, वरचा द्रव लालसर दिसतो का, तारीख उलटली आहे का. शंका आली तर परत.

मग खाटेजवळची तपासणी, दोघांनी मिळून. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ताडायचं, मग अदलाबदल:

1. पालकांनी सांगितलेलं नाव आणि जन्मतारीख, मनगटावरची पट्टी.
2. पट्टीवरचा नोंदणी क्रमांक आणि बॅगेच्या कागदावरचा क्रमांक.
3. मुलाचा गट, बॅगेवरचा गट, क्रॉसमॅचचा निकाल.
4. बॅगेवरचा युनिट क्रमांक आणि कागदावरचा युनिट क्रमांक, शेवटच्या आकड्यापर्यंत.
5. ऑर्डरमधल्या खास गरजा बॅगेवर नमूद आहेत का.

> सावधान: ही तपासणी नर्सिंग स्टेशनवर करून बॅग खाटेकडे नेली, तर ती तपासणी झालीच नाही असं समजा. कागद आणि बॅग एकमेकांशी जुळणारच, ते एकत्रच आले आहेत. प्रश्न मुलाशी जुळण्याचा आहे. मधे फोन आला, कुणी हाक मारली, तर पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करा.

बॅग गरम पाण्यात, हीटरजवळ किंवा काखेत धरून कोमट करू नका. लाल पेशी फुटतात. ठरलेल्या सावकाश गतीने जाणाऱ्या रक्ताला सहसा गरम करावं लागत नाही. रक्ताच्या नळीतून सोबत फक्त नॉर्मल सलाईन चालतं. डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे गुठळी होऊ शकते. कोणतंही औषध बॅगेत किंवा चालू नळीत सोडू नका. लोह काढणारं डेस्फेरालही नाही.

टप्पा ५: पहिली पंधरा मिनिटं

सेट भरताना गाळणी पूर्ण भिजू द्या आणि ड्रिप चेंबर अर्धं भरलेलं ठेवा. सुरुवात अगदी हळू करायची, दर किलोमागे तासाला १ मिलिलीटरच्या आसपास.

एक गणित पूर्ण करून पाहू. मूल २० किलोचं, ऑर्डर दर किलोमागे १५ मिलिलीटर, म्हणजे ३०० मिलिलीटर. सेट १ मिलिलीटरला २० थेंबांचा. (सेटच्या पाकिटावर आकडा पाहा, सगळे सेट सारखे नसतात.) पहिली पंधरा मिनिटं तासाला २० मिलिलीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ७ थेंब. या वेळात ५ मिलिलीटर जातं. उरलं २९५ मिलिलीटर. साडेतीन तासांत संपवायचं ठरवलं तर हातात सव्वातीन तास आहेत: तासाला साधारण ९१ मिलिलीटर, मिनिटाला ३० थेंब. हा वेग दर किलोमागे तासाला साडेचार मिलिलीटर झाला, नेहमीच्या ५ मिलिलीटरच्या मर्यादेत. चार तासांचा हिशेब न धरता साडेतीनचा धरला, कारण बॅग आणण्यात आणि तपासण्यात गेलेला वेळही चार तासांतच मोजायचा असतो.

ही पंधरा मिनिटं खाटेजवळच थांबा. फक्त पाच-सात मिलिलीटर रक्त गेलेलं असतानाही चुकीच्या गटाची लक्षणं दिसू शकतात, आणि तेवढ्यावर थांबवलं तर मूल वाचण्याची शक्यता खूप वाढते.

मोठं मूल सांगेल: कंबर दुखतेय, छाती जड झाली, थंडी वाजतेय, घाबरल्यासारखं वाटतंय. ‘काहीतरी वेगळंच वाटतंय’ हे वाक्यसुद्धा गांभीर्याने घ्या. बाळ सांगू शकत नाही. त्याचं अचानक न थांबणारं रडणं, किंवा उलट एकदम गप्प होणं, दूध सोडणं, ओठांभोवती फिकटपणा, नाकपुड्या फुलणं, हातापायांवर जाळीदार डाग. हीच त्याची भाषा. अंगावरचं पांघरूण थोडं बाजूला करून पोट आणि पाठ पाहा. पुरळ बऱ्याचदा तिथे आधी येतं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा सगळ्या नोंदी घ्या. सुरुवातीच्या आकड्यांशी ताडा. ठीक असेल तरच वेग वाढवा.

टप्पा ६: मधले तास

दर अर्ध्या ते एका तासाने नोंदी, आणि प्रत्येक वेळी कॅन्युलाच्या जागेवर नजर. सूज असेल तर रक्त मांसात जात आहे.

ज्याचं हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या खाली आहे किंवा ज्याच्या हृदयावर ताण आहे, अशा मुलासाठी वरचा वेग चालत नाही. त्याचं शरीर कमी रक्तावर हळूहळू जुळवून घेत आलेलं असतं आणि एकदम आलेला द्रव हृदयाला झेपत नाही. डॉक्टर अशा वेळी थोड्या थोड्या भागांत, दर किलोमागे तासाला २ मिलिलीटरच्या आसपास रक्त द्यायला सांगतात. श्वास वाढला, खोकला लागला, नाडी धावू लागली, रक्तदाब चढला, मूल आडवं व्हायला तयार नाही, तर रक्त थांबवा, त्याला बसतं करा आणि डॉक्टरांना बोलवा. लघवी वाढवणारं इंजेक्शन लेखी ऑर्डरशिवाय नको. ‘प्रत्येकाला देतातच’ असा नियम नाही.

प्रवाह मंदावला तर आधी हाताची स्थिती, पट्टी, नळीतली घडी पाहा. बॅग दाबू नका, सिरिंजने जोर लावून ढकलू नका. आणि मागे पडलेला वेळ भरून काढायला शेवटच्या तासात थेंब वाढवू नका. चार तास झाले आणि रक्त उरलं, तर उरलेलं टाकायचं. पालकांना वाईट वाटतं, विशेषतः रक्तदाता शोधायला वणवण झाली असेल तेव्हा. तरीही टाकायचं, कारण खोलीच्या तापमानात जंतू वाढत असतात.

टप्पा ७: रिअॅक्शन आली तर

क्रम पाठ असू द्या:

1. रक्त बंद करा. आधी फोन नाही, आधी क्लॅम्प.
2. सेट कॅन्युलापासून सोडवा आणि नव्या सेटने सलाईन हळू चालू ठेवा. जुन्याच सेटमधून सलाईन सोडलं तर नळीतलं उरलेलं रक्त मुलाच्या अंगात जातं. ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे.
3. श्वासमार्ग, श्वास, नाडी पाहा. ऑक्सिजन लावा. मदत बोलवा.
4. पट्टी आणि बॅग पुन्हा ताडा. गफलत असेल तर रक्तपेढीला त्या क्षणी कळवा, कारण दुसऱ्या खाटेवरचं मूलही धोक्यात असू शकतं.
5. बॅग सेटसकट, दुसऱ्या हातातून घेतलेला ताजा नमुना आणि पहिली लघवी रक्तपेढीच्या सूचनेप्रमाणे पाठवा. बॅग कचऱ्यात टाकू नका.

श्वास लागणं, आवाज बसणं, ओठ-जीभ सुजणं, रक्तदाब पडणं ही जीवघेण्या अॅलर्जीची, म्हणजे अॅनाफिलॅक्सिसची चिन्हं आहेत. इथे अॅड्रिनॅलिन पहिलं. अॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही इतर औषधं नंतर. फक्त पित्त उठलं असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर औषध देऊन तेच रक्त पुन्हा सावकाश सुरू करता येतं, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

ताप एक अंशाने वाढून ३८ अंश सेल्सिअस किंवा त्यावर गेला, तर तो साधा ताप समजून पॅरासिटामॉल देऊन रक्त चालू ठेवू नका. गट चुकल्याची आणि बॅगेत जंतू असल्याची सुरुवातही तापानेच होते. हुडहुडी, कंबरदुखी, लाल लघवी किंवा पडता रक्तदाब सोबत असेल तर क्षणही दवडू नका.

टप्पा ८: संपल्यावर आणि घरी पाठवताना

शेवटच्या नोंदी घ्या, किती मिलिलीटर गेलं, कधी सुरू, कधी बंद, युनिट क्रमांक, सगळं लिहा. कॅन्युला काढल्यावर नीट दाबून धरा. मूल लगेच सोडण्याची घाई नको, कारण फुप्फुसांशी संबंधित त्रास सहा तासांपर्यंत दिसू शकतो. लवकर जायचंच असेल तर श्वास लागला तर कुठे यायचं, हे पालकांना लेखी द्या.

उशिरा येणारी एक रिअॅक्शन पालकांना कधीच सांगितली जात नाही. पाच ते दहा दिवसांनी, कधी आणखी उशिराही, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, मूल पुन्हा फिकट दिसतं. चढवलेल्या पेशी फुटत असतात. सिकल सेलच्या मुलात सोबत अंगदुखीही होते आणि सगळे तो नेहमीचा झटका समजतात. म्हणून सिकल सेलचं मूल दुखण्यासाठी आलं की पहिला प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात रक्त चढवलं होतं का? पुन्हा रक्त देण्याआधी डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे, कारण नव्या रक्ताने त्रास वाढू शकतो.

थॅलेसेमियात लोहाचं बोलणं आजच करा. रक्ताच्या प्रत्येक बॅगेसोबत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. दहा ते वीस वेळा रक्त झाल्यावर किंवा फेरिटिन (शरीरातला लोहसाठा दाखवणारी रक्तचाचणी) १००० च्या वर गेल्यावर लोह काढणारं औषध सुरू होतं. गोळी केव्हा, कशात विरघळवून, जेवणाआधी की नंतर, हे आईकडून तिच्या शब्दांत वदवून घ्या. चुकलेले डोस विचारताना रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी उत्तर खोटं मिळतं. ताप आला तर ते औषध थांबवून त्याच दिवशी दाखवायचं, हे कागदावर लिहून द्या. डेफेरिप्रोन हे लोह काढणारं औषध घेणाऱ्या मुलाची पांढऱ्या पेशींची तपासणी तापात लगेच लागते.

थॅलेसेमियाच्या मुलाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाचं टॉनिक देऊ नका, असंही स्पष्ट सांगा. शेजारपाजारचे आणि औषधाच्या दुकानातलेही ते सुचवतात.

शेवटी मुलाच्या वहीत आजची तारीख, वजन, आधीचं हिमोग्लोबिन, दिलेलं प्रमाण, युनिट क्रमांक, रिअॅक्शन आली असल्यास तिचं वर्णन आणि पुढची तारीख भरा. पुढच्या क्रॉसमॅचसाठी नमुना कोणत्या दिवशी द्यायचा, तेही त्याच पानावर लिहा आणि पालकांकडून वाचून घ्या.